‘गृहपाठ हा काय ग्रामसभेचा विषय आहे का?’

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला, मुलगा शेजारच्या गावी अनुदानित हायस्कुलात सातवीला. त्या दिवसा शेतात मजुरीला जातात आणि संध्याकाळी शिवणकाम करतात. मुलं घरी आली की हातपाय धुऊन वह्या उघडतात आणि रात्री दहापर्यंत लिहीत असतात. मुलगी बऱ्याचदा वहीवरच झोपते आणि उरलेलं आईच पुरं करते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत या बाई बोलायला उठल्या, तर मागून कोणीतरी म्हणालं, “गृहपाठ हा काय ग्रामसभेचा विषय आहे का?” सभा हसली. सरपंच म्हणाले, शाळेचं शाळेत बघा. मुख्याध्यापक म्हणाले, पालकच गृहपाठ मागतात. आता त्यांना पुढच्या सभेत दोन गोष्टी मंजूर करून घ्यायच्या आहेत : पाचवीपर्यंत गृहपाठ बंद आणि गावात संध्याकाळची अभ्यासिका. सासरे म्हणतात, मास्तरांशी वाकडं घेऊ नकोस. त्यांचा प्रश्न असा : ठराव झाला तर शाळेला तो मानावाच लागेल ना, आणि अभ्यासिकेचे पैसे कुठून आणायचे?

ताई,

सभा हसली ते मनाला लावून घेऊ नका. त्या प्रश्नाचं खरं उत्तर अर्धं ‘हो’ आणि अर्धं ‘नाही’ असं आहे. तुमच्या दोन मागण्यांपैकी अभ्यासिका हा सोळा आणे ग्रामसभेचा विषय. जागा, वीज, दिवाबत्ती, किल्ली हे सगळं ग्रामपंचायतीच्या हातातलं. ‘गृहपाठ बंद’ मात्र ग्रामसभा शाळेवर लादू शकत नाही. ती शिफारस करू शकते, जाब विचारू शकते, आपल्या सदस्याला शाळेच्या समितीत बोलायला सांगू शकते. म्हणून पहिलं काम : दोन्ही मागण्या एका ठरावात बांधू नका. एकीवर हरकत आली की दुसरीही बुडते.

पण त्याआधी एक विचारतो. रात्री दहापर्यंत मुलं जे लिहितात ते सगळं शाळेनेच दिलेलं असतं, याची तुम्हाला खात्री आहे का? पत्रात एका ओळीत ‘क्लासचंही असतं’ असं तुम्ही लिहून पुढे गेला आहात. तिथे जरा थांबायला हवं. बऱ्याच घरांत ‘गृहपाठ’ या एका शब्दात चार वेगळी कामं असतात : शाळेत द्यायचं म्हणून दिलेलं, शाळेत पुरं न झालेलं, क्लासचं, आणि नवोदय किंवा शिष्यवृत्तीच्या सराव संचांचं, जे पुष्कळदा आपणच आणून हातात ठेवलेलं असतं. चौघांना औषध वेगळं. क्लासचं काम कमी करायला ठराव लागत नाही.

म्हणून दोन आठवडे मोजा. एकट्या तुमच्या घरी नाही, दहा-बारा घरांत. शंभरपानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर पाच रकाने आखा : विषय, कोणी दिलं (शाळा की क्लास), सुरू, संपलं, कोणी केलं. तुमच्या मुलीचं एखादं पान असं दिसेल : ‘मराठी, धडा दोनदा लिहिणे, शाळा, ६.४० ते ७.३५, स्वतः. गणित, सात उदाहरणं, शाळा, ७.४५ ते ८.१०, दादाने सांगितलं. पाढे १२ ते १५ पाच वेळा, क्लास, ८.४० ते ९.२५, शेवटचे दोन आईने.’ शेवटचा रकाना लिहायला लाज वाटते, पण खरा पुरावा तोच. मधे जेवण, टीव्ही, भांडण असेल तर तेवढा वेळ वगळा. लोक हमखास चुकतात ते इथे. ‘सहा ते दहा चार तास’ असं सभेत सांगितलं की एखादे गुरुजी उठून विचारतात, “त्यात मालिका किती वेळ?” आणि मग पुन्हा हशा. मोजायला परीक्षेचा आठवडा किंवा स्नेहसंमेलनाचा आठवडा धरू नका. साधे चालू दिवस धरा.

मोजलेलं कशाशी ताडायचं? त्यासाठी माप तयार आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने आणि पुढे केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने तेच सांगितलं : पहिली-दुसरीला गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास, नववीपासून दिवसाला दोन तास. त्याआधी १९९३ मध्ये यशपाल समितीने तर प्राथमिक वर्गांना घराभोवतालचं पाहणं-शोधणं सोडून घरचा अभ्यासच नको, असं म्हटलं होतं. तुमच्या मुलीपुरता हिशोब करा. आठवड्याला दोन तास म्हणजे सहा दिवसांत रोज वीस मिनिटं. तिसरीतल्या मुलीला रेघी वहीचं एक पान नीट अक्षरात लिहायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. तीन पानांचा धडा ‘दोनदा लिहा’ म्हटलं की आठवड्याचा कोटा एका संध्याकाळी संपला.

हे धोरण दंडुका म्हणून मात्र वापरू नका. ते न पाळल्याबद्दल त्यात कुठल्या शिक्षकाला दंड नाही, आणि हे शिक्षकांना तुमच्याआधी माहीत असतं. त्याचा उपयोग तागडीतल्या वजनासारखा. समोर ठेवायचं आणि म्हणायचं, बघा, आपलं पारडं किती खाली गेलंय. मारहाण किंवा मानसिक छळाची गोष्ट वेगळी. गृहपाठ झाला नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं केलं, चारचौघांत हिणवलं, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ लागतं. ती तक्रार निराळी, लेखी आणि मुख्याध्यापकांकडे करायची. या विषयात ती मिसळू नका.

मुख्याध्यापक ‘पालकच मागतात’ म्हणाले, हे त्यांनी अंगावरून झटकायला म्हटलं असं तुम्हाला वाटलं. निम्मं तसं असेलही. पण निम्मं खरं आहे. वही कोरी आली की ‘आज शाळेत काय केलं मग?’ असं विचारणारे आपणच. आणि आणखी एक कारण आहे, ते सभेत कोणी बोलत नाही. पहिली ते चौथीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असली तर कायद्याच्या प्रमाणाने शिक्षक दोन. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन वर्ग. तो पहिलीला अक्षरं शिकवत असताना तिसरीला काहीतरी लिहायला देऊन बसवावं लागतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा धडा उतरवणं, आणि घंटा झाल्यावर जे उरतं ते दप्तरातून घरी येतं. तुमच्या मुलीचा गृहपाठ म्हणजे पुष्कळसा शाळेतला न सरलेला तास आहे. तुमची वही हे दाखवून देईल. त्यामुळे ‘गृहपाठ बंद करा’ यापेक्षा ‘उतरवण्याचं काम शाळेतच थांबवा, घरी पाठवू नका, घरी वीस मिनिटं वाचन किंवा तोंडी काही द्या’ ही मागणी शिक्षकाला पेलणारी आहे. तिच्यामुळे त्याचंही वह्या तपासायचं ओझं उतरतं. सासऱ्यांना हेच सांगा : वाकडं घ्यायचं नाही, मास्तरांचंही हलकं करायचं आहे.

आता हे मांडायचं कुठे. मुलीच्या शाळेसाठी जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. उरलेल्या जागांमध्ये ग्रामपंचायतीचा निवडून आलेला सदस्यही असतो. तुमच्या दोन मागण्यांना जोडणारा पूल म्हणजे हाच माणूस. तो कोण आहे ते आधी विचारून घ्या. कित्येकदा त्यालाच माहीत नसतं. बैठक महिन्यातून एकदा व्हायची असते. प्रत्यक्षात रजिस्टर घरोघर फिरून सह्या होतात, हा रोग सार्वत्रिक आहे. म्हणून सचिवांना चार ओळींचं पत्र द्या, ‘पुढील बैठकीत घरच्या लेखनकामाचा विषय घ्यावा’, खाली सात-आठ पालकांच्या सह्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. बैठकीला जाताना वहीतला एकच आकडा न्या. समजा बारा घरांचं निघालं ‘तिसरीच्या मुलांना शाळेचं काम रोज सरासरी इतकी मिनिटं’, तर तेवढंच सांगा. कुणाच्या वर्गात जास्त, कुणाच्या कमी, हे नाव घेऊन बोलू नका. समितीने ऐकलं नाही तर पुढची पायरी केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी. पण खालची पायरी न चढता वर गेलात तर अर्ज फिरून खालीच येतो, आणि येताना सगळ्यांचे चेहरे पडलेले असतात.

मुलाच्या हायस्कुलाचा मार्ग निराळा. अनुदानित शाळेत समिती असते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम फक्त सल्ल्याचं. शिवाय ती शाळा शेजारच्या गावात, म्हणजे तुमच्या ग्रामसभेचा तिथे काहीच धागा नाही. पण सातवीचा घोळ वेगळ्या जातीचा आहे. तिथे एकच शिक्षक ढीगभर काम देत नाही. सहा विषयांचे सहा शिक्षक प्रत्येकी ‘वीस मिनिटांचंच’ देतात आणि दुसऱ्याने काय दिलं हे एकालाही माहीत नसतं. सहा वीसं एकशेवीस, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट, आणि दोष कुणाचाच नाही! यावर उपाय फळ्यावरचा आहे. वर्गाच्या फळ्याचा उजवा वरचा कोपरा चौकट करून राखून ठेवायचा. जो शिक्षक काम देईल त्याने तिथे विषय आणि अंदाजे मिनिटं लिहायची : ‘विज्ञान १५’, ‘इंग्रजी २०’. बेरीज साठला पोचली की पुढच्या तासाच्या शिक्षकाने त्या दिवशी काम द्यायचं नाही. वर्गमंत्री बेरीज करतो आणि ती चौकट दिवसभर कोणी पुसत नाही. शेवटच्या तासाच्या विषयाला नेहमीच जागा उरत नाही, अशी कुरकुर आठवड्यात सुरू होईल. मग विषयांचे वार वाटून द्या, गणित-इंग्रजी एक दिवसाआड. वर्गशिक्षकांना भेटून एवढंच सुचवा, ‘एक महिना करून बघू या का सर?’ बिनखर्ची गोष्टीला नाही म्हणणं अवघड जातं.

आता ग्रामसभा. इथे बारकावे पाळलेत तर हसणारे गप्प बसतील. मागच्या वेळी तुम्ही बहुधा ‘आयत्या वेळचे विषय’ सुरू झाल्यावर उठलात. तोवर लोकांचं अर्धं लक्ष घरी, उरलेलं चहाकडे. विषयपत्रिकेत विषय छापून आला पाहिजे. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून तुमचा अर्ज किमान पंधरा दिवस आधी सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या नावे जायला हवा. (त्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं.) पोहोच इथेही घ्या. दुसरी, जास्त मोलाची वाट म्हणजे महिला सभा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती रजिस्टरवरच होते, पण तुम्ही वीस जणी वेळेवर जाऊन बसलात तर ती खरी होते. तिथे झालेला ठराव घेऊन मुख्य सभेत गेलात की तुम्ही एकट्या बाई राहत नाही.

गणपूर्तीचंही भान ठेवा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल, तेवढी माणसं हवीत. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसली तरी तिथे पत्रिकेवर आधी आलेलेच विषय चालतात. विषय पत्रिकेत असण्याचा हा दुसरा फायदा. वर्षात निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. अभ्यासिकेसाठी २ ऑक्टोबरच्या आसपासची सभा आणि तिच्यानंतरचे दोन-तीन महिने सर्वांत महत्त्वाचे, कारण पुढच्या आर्थिक वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तेव्हा बांधला जातो. मार्च-एप्रिलमध्ये मागितलं तर उत्तर ठरलेलं : ‘आराखड्यात नाही.’

ठरावाचे शब्द सैल ठेवू नका. ‘गृहपाठ बंद करण्यात यावा’ असा ठराव टाळ्यांत मंजूर होईल आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर ‘अधिकारकक्षेबाहेर’ म्हणून पडून राहील. त्याऐवजी असं लिहा : ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीने येत्या मासिक बैठकीत घरच्या लेखनकामाचा आढावा घ्यावा, केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणातील मर्यादेशी तो ताडून पाहावा आणि झालेला निर्णय पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावा, अशी ही सभा शिफारस करते. समितीवरील ग्रामपंचायत सदस्यांनी हा विषय बैठकीत मांडावा.’ खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. अनुमोदक शक्यतो पुरुष असू दे, आणि त्याचं मूल त्याच शाळेत असलेलं बरं. या शब्दांत शाळेवर हुकूम नाही, पण उत्तर द्यायला तारीख आहे. पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करतात, तेव्हा तुमचा ठराव वाचला जातो का ते कान देऊन ऐका. वगळला असेल तर तिथेच उठा.

दुसरा ठराव अभ्यासिकेचा. त्याच्याबद्दल मात्र सविस्तर बोलू.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्ही ऐकलं असेल. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या ग्रामसभेने ठरवलं आणि संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तेव्हापासून साडेआठपर्यंत घराघरांत टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. भोंगा वाजवून गाव मोकळं झालं नाही, सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. नक्कल करणारी गावं भोंगा विकत आणतात आणि हे फिरणं विसरतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. तुमच्याकडे कोणी असा बंदीचा ठराव सुचवला तर मला तो मार्ग पटत नाही, एवढं सांगून ठेवतो. शाळेचं काम व्हॉट्सअ‍ॅपवर येत असेल तर बंदी पहिल्याच दिवशी मोडते. आणि भोंग्याबद्दलही एक लक्षात घ्या. शांततेचा दीड तास मिळाला आणि काम तीन तासांचं राहिलं, तर मुलीची सुटका झाली नाही, फक्त आवाज कमी झाला. तुमच्या गावात सात ही डेअरीवर दूध घालायचीही वेळ असेल. डेअरीची वेळ आधी विचारा, मग भोंग्याची ठरवा.

अभ्यासिकेला जागा दोन : समाजमंदिर किंवा शाळेचा वर्ग. समाजमंदिर ग्रामपंचायतीच्या ताब्यात, पण लग्नसराईत आणि सप्ताहात ते हातचं जातं. महिन्यात आठ दिवस बंद राहिलेली अभ्यासिका तिसऱ्या महिन्यात कायमची बंद होते. शाळेचा वर्ग बरा. तिथे फळा असतो, स्वच्छतागृह असतं. फक्त समितीची लेखी परवानगी आणि किल्ली कोणाकडे हे कागदावर हवं. फळ्यावरची सकाळची तारीख पुसली, खडू संपले, अशा किरकोळ कारणांवरून शाळा आणि ग्रामपंचायत यांच्यात बिनसतं. खडूची वेगळी पेटी ठेवा.

वीस बाय पंधरा फुटांच्या खोलीत सतरंजीवर पंचवीस मुलं बसतात. बाकांची गरज नाही, बसून लिहायला बुटकी चौरंगासारखी फळी असली की मान मोडत नाही. दिवे वीस वॉटचे चार एलईडी बॅटन, लांब भिंतींवर दोन-दोन. मधोमध छतावर एकच मोठा दिवा लावला तर खाली वाकलेल्या मुलाच्या डोक्याची सावली नेमकी वहीवर पडते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, म्हणून मुलांना एका भिंतीला डावा खांदा करून रांगेत बसवा. विजेचा बाऊ करणारे भेटतील, त्यांना हिशोब द्या : चार दिवे ८० वॉट, तीन पंखे साधारण १८० वॉट, मिळून २६०. रोज दीड तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे दहा युनिटांच्या आत. भारनियमन असेल तर दिव्यांपुरता छोटा इन्व्हर्टर. पंख्याविना चालतं, दिव्याविना नाही.

वीज स्वस्त, माणूस महाग. रोज दार उघडायला, हजेरी घ्यायला, शेवटचं मूल जाईपर्यंत थांबायला कोण? बचत गटातल्या दोघी आळीपाळीने, आणि प्रत्येक वेळी दोन मोठी माणसं खोलीत, दार उघडं, हा नियम पहिल्या दिवसापासून. त्यांनी शिकवायचं नाही. ही खूणगाठ बांधा, नाहीतर सहा महिन्यांत गावाचा आणखी एक क्लास तयार होतो आणि त्याचा वेगळा गृहपाठ! शाळेच्या शिक्षकांना तिथे पैसे देऊन शिकवायला बोलावणंही नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने त्यांना खासगी शिकवणीची बंदी आहे. वेळ साडेसहा ते आठ. चौथीपर्यंतची मुलं सव्वासातला घरी, कारण वीस मिनिटांचं काम संपल्यावर ती दंगा करतात आणि मोठ्यांनाही करू देत नाहीत. वस्तीवरच्या मुलींना गट करून सोडायचं, आणि त्या रस्त्यावरचा बंद दिवा ठरावातच लिहायचा. तो दिवा नसेल तर मुली चार दिवस येतील, पाचव्या दिवशी घरचे थांबवतील.

आणखी एक अडचण येते ती बाहेरून सज्जन दिसते. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं आपली पुस्तकं घेऊन येतात, शांत बसतात, गावाला त्यांचा अभिमान वाटतो, आणि हळूहळू लहान मुलांना ‘गोंगाट करू नका’ म्हणून हाकललं जातं. त्यांनाही जागा हवी, पण आठनंतर. फलकावर दोन वेळा लिहून लावा.

पैशाचं बघू. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीला येणारा ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. पुढच्या आराखड्यासाठी त्या वर्षीची विभागणी ग्रामसेवकांना विचारा. वायरिंग, दिवे, सतरंज्या, कपाट हे अबंधितमध्ये मागता येतं, पगार आणि आस्थापना मात्र त्यात बसत नाही. इथेच बहुतेक प्रस्ताव अडकतात, कारण सगळं एका रकमेत मागितलेलं असतं. दोन भाग करा. सामान आराखड्यात. बायकांचं मानधन ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, तिथे महिला व बालकल्याणासाठी १० टक्के राखायचे असतात. त्यात हे बसतं का, ते ग्रामसेवकांकडून लेखी घ्या. नाही म्हणाले तर लोकवर्गणी. पंचवीस घरांनी महिन्याला शंभर रुपये काढले तरी दोघींना बाराशे-बाराशे देऊन शंभर उरतात. मंजूर झालेला आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतो. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला ते बघायला बसवा.

ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्र असेल तर आणखी एक छोटी सेवा मागून घ्या : मुलांच्या ‘प्रकल्पां’चे प्रिंट. रंगीत चित्र चिकटवण्यासाठी दहा रुपयांची प्रिंट काढायला आईने तालुक्याला जाणं, यात मुलाने नेमकं काय शिकायचं असतं ते मला तरी कळलेलं नाही. समितीच्या बैठकीत हेही विचारा.

शहरातल्या वाचकांपैकी ज्यांना असाच प्रश्न आहे, त्यांच्यापुरतं थोडक्यात : महापालिका किंवा नगरपालिकेच्या शाळेत समिती असतेच, तिथूनच सुरुवात करा. अभ्यासिकेसाठी नगरसेवक आणि प्रभागाचं कार्यालय. विनाअनुदानित शाळांना कलम २१ ची समिती लागू नाही. तिथे २०११ च्या शुल्क नियमन कायद्यामुळे पालक-शिक्षक संघ मात्र असतो, आणि त्यात फी सोडून दुसरं काही विचारू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. वही आणि फळ्याची चौकट तिथेही तशीच चालते.

हे सगळं व्हायला दोन-तीन महिने जातील. तोवर आज रात्रीचं काय, तेही सांगतो. मुलीला घड्याळ लावून वीस मिनिटं करू द्या, जमलं तर पंचवीस. नंतर वही मिटा. उरलेलं तुम्ही लिहू नका. तुमचं अक्षर तिच्या वहीत गेलं की बाईंना वाटतं तिला जमतंय, आणि उद्याचं काम तेवढंच येतं. पानाच्या खाली तारीख घालून लिहा : ‘पंचवीस मिनिटं झाली, इथपर्यंत झालं. झोप आली म्हणून थांबवलं.’ आणि सही करा. पहिल्या दिवशी मुलगी घाबरेल, म्हणून त्या सकाळी दप्तराबरोबर तुम्हीही शाळेच्या फाटकापर्यंत जा आणि बाईंना तोंडी सांगून या.